बेनामी चालणार नाही

आमच्या मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसायचा. पाण्याची बाटली, दुमडलेला रुमाल, खडूचे तुकडे आणि लाल लेझरचा एक छोटा दिवा एवढंच असायचं. फळ्यावरची आकृती दाखवायला लोक वापरतात, तसलाच दिवा. मॅडम तो फळ्यावर कधीच वापरत नसत. त्यांना तो पेल्यात मारायचा असे.

समोर पाणी आलं की पाण्यात, सरबत आलं की सरबतात, लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की मठ्ठ्यात. पेला डोळ्यांसमोर धरायचा, बाजूनं लाल उजेड सोडायचा आणि टक लावून पाहायचं. पाण्यातून रेघ दिसली नाही तर "काही नाही यात" म्हणून पिऊन टाकायचं. रेघ दिसली तर त्यांचा चेहरा खुलायचा. "आहेत," एवढंच म्हणायच्या. काय आहेत, हे समोरच्याला कधी कळत नसे.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी एकदा दुधाच्या पेल्यात असाच उजेड सोडला. दूध मुळातच बारीक कणांनी भरलेलं, त्यामुळे सगळा पेला आतून लाल झाला. मॅडम समाधानानं मान हलवत निघून गेल्या. कॅन्टीनवाल्या काकांना वाटलं, बाईंनी मशीन लावून दुधातलं पाणी पकडलं. दुसऱ्या दिवसापासून चहा दाट येऊ लागला. मला वाईट वाटलं. काकांचा गैरसमज दूर करायला पाहिजे, असं मी मॅडमना भीत भीत म्हटलं.

"मी त्याले काही बोलली का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

"मंग तू कायले बोलतेस? चहा पी."

मला त्यांच्याविषयी नीट लिहिता येईल की नाही, सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कोंढ्याजवळच्या आमच्या गावात धानाची शेती, आणि बोलण्याचे विषयही धानाचेच. एम.एस्सी.ला प्रोजेक्ट करावा लागतो हे कळलं तेव्हा थर्माकोल कुठे स्वस्त मिळेल, याची चौकशी मी सुरू केली होती. शाळेत आम्ही प्रोजेक्ट म्हणून थर्माकोलचा ज्वालामुखी केला होता. पहिल्या दिवशी मॅडमसमोर मी ते बोलूनही दाखवलं. कोणी दुसरं असतं तर हसलं असतं. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "थर्माकोलच करायचा आहे. फक्त इतका बारीक, की कोणाले दिसला नाही पाहिजे."

ती थट्टा आहे असं मला वाटलं होतं. पुढे कळलं की ते अगदी खरं होतं. थर्माकोल ज्या स्टायरीनपासून बनतो, त्याच स्टायरीनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात कसे जन्माला येतात, हे आम्हाला पाहायचं होतं.

मॅडम भंडाऱ्यात वाढलेल्या, नागपूरला शिकलेल्या, मधली काही वर्षं कुठे कुठे राहून पुन्हा भंडाऱ्यात आलेल्या. बोलणं मात्र इथलंच राहिलं होतं. प्राचार्यांशीही त्या तशाच बोलत. काचेच्या भांड्यांना त्या अहो-जाहो करत आणि आम्हाला पोट्टे, पोट्टी म्हणत. "अहो, तापा आता, किती वाट पाहायची," हे पाणी तापवायच्या वॉटर बाथला. "कुठं मेली होतीस वो?" हे मला. एखादं बीकर फुटलं तर त्या क्षणभर गप्प राहत आणि मग त्याच्याविषयी चांगलं बोलत. किती सहनशील होतं, कधी तडा गेला नाही. फोडणाऱ्याला त्या रागावत नसत, पण ती श्रद्धांजली संपेपर्यंत त्याला तिथं उभं राहावं लागे.

त्यांचा एक नियम होता, "बेनामी चालणार नाही." लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर आत काय आहे हे तर लिहायचंच, पण ते कोणी बनवलं त्याचंही नाव घालायचं. नाव नसलेली बाटली दिसली की त्या तिला घेऊन वर्गात येत आणि "हे लेकरू कोणाचं आहे?" असं सगळ्यांना विचारत फिरत. प्रयोग बिघडला आणि आम्ही वहीत 'अशुद्धीमुळे' असं लिहिलं, तर तो शब्द त्या खोडत. "अशुद्धी म्हणून काही नसते. तीही कोणतं तरी रसायन असते, तिलेही नाव असते. नाव शोधून आणा."

आमच्या कामाची गंमत अशी होती की ते दिसतच नसे. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. पण साबणासारखा पदार्थ बरोबर प्रमाणात घातला, थोडं पेंटॅनॉल नावाचं अल्कोहोल घातलं, की तेलाचे इतके बारीक थेंब होतात की सगळं मिश्रण पाण्यासारखं नितळ दिसतं. जोरात घुसळावंही लागत नाही. त्याला मायक्रोइमल्शन म्हणतात. आमचं तेल म्हणजे स्टायरीन. मिश्रणातून नायट्रोजन सोडून आतली हवा काढायची, कारण ऑक्सिजन असेपर्यंत काही पुढे सरकत नाही. मॅडम त्याला रुसलेला जावई म्हणत. मग ते गरम करून त्यात इनिशिएटर, म्हणजे प्रक्रिया सुरू करून देणारं रसायन, घालायचं. थेंबाथेंबातलं स्टायरीन जुळून घट्ट कण होतात आणि नितळ पाण्याला निळसर झाक येते. बस. दोन वर्षांचं शिक्षण, आणि शेवटी हातात काय, तर किंचित निळं दिसणारं पाणी.

स्टायरीनचा वास मात्र जाता जात नसे. सुटीत घरी गेले की आई माझी ओढणी लांबून धरायची. "तुमच्या कॉलेजात चपला बनवून राहिले का वो?" असं तिनं एकदा विचारलं. बाबांनी अधिक खोलात जाऊन विचारलं. ओसरीवर बसून ते धानाचे कट्टे, म्हणजे पोती, शिवत होते.

"काय बनवून राहिली तू, बाई?"

"कण बनवते, बाबा. प्लास्टिकचे."

"केवढे?"

"दिसत नाहीत इतके लहान."

बाबांनी एक टाका घातला, दोरा ओढला. "मंग झाले हे तुले समजते कसं?"

मला धड सांगता आलं नाही. सोमवारी मी ते मॅडमना गंमत म्हणून सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या, फळ्यावरचं सगळं पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "झाले हे समजते कसं?" खाली डावीकडे बाबांचं नाव घातलं. प्रश्नसुद्धा बेनामी चालत नव्हता. ते वर्षभर कोणी पुसलं नाही. बाहेरून आलेले पाहुणे ते नाव कोण्या शास्त्रज्ञाचं असावं, अशा समजुतीनं मान हलवत.

आता लॅबमधल्या भाऊंबद्दल सांगायला हवं. भाऊ आमचे प्रयोगशाळा परिचर. मॅडमच्या आधीपासून लॅबमध्ये होते आणि लॅब आपली आहे, यावर त्यांचा मॅडमइतकाच विश्वास होता. दर दसऱ्याला ते उपकरणांची पूजा करत. वॉटर बाथला झेंडूची माळ, सिलेंडरला हळदीकुंकू, आणि मोजायच्या नाजूक तराजूपुढे नारळ. मॅडमना ते खपत नसे. एका दसऱ्याला तराजूच्या काचेच्या पेटीत झेंडूची पाकळी सापडली. मॅडमनी ती फेकली नाही. आम्हा सगळ्यांना तिचं वजन करायला लावलं, ती वाळेपर्यंत रोज. मग त्यांनी सिलेंडरवरचं कुंकू खरवडलं आणि आम्हाला दाखवलं. खरं कुंकू हळदीला खार लावून बनतं, त्यामुळे त्यावर आम्ल टाकलं की ते पुन्हा पिवळं होतं. भाऊंचं कुंकू लालच राहिलं.

"भाऊ, दुकानदारानं तुम्हाले रंग देला," मॅडम म्हणाल्या. "अन् तुम्ही तो देवाले देला."

भाऊंना ते फार लागलं. पुढच्या दसऱ्याला त्यांनी बायकोकडून घरी कुंकू करून घेतलं. ते पुडीत बांधून थेट मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. मॅडमनी आम्ल टाकलं. कुंकू पिवळं झालं. मॅडमनी प्रसादाचा एक पेढा खाल्ला आणि मग दुसरा मागून घेतला. पण बंदी उठवली नाही.

"देवाशी माझं काही भांडण नाही," त्या म्हणाल्या. "पण वजन न करता माझ्या लॅबमध्ये काही पडलं तर भांडण आहे. मंग ते कुंकू असो की अमृत."

माझं शेवटचं वर्ष आलं आणि माझा प्रयोग अडून बसला. निळसर कण होत होते, तक्रार ती नव्हती. तक्रार ही होती की ते फार लवकर होत होते. मला पाहायचं होतं मधलं. कण आधी थोडे होऊन मोठे होत जातात, की शेवटपर्यंत नवे नवे जन्मत राहतात? त्यासाठी प्रक्रिया चालू असताना मधून मधून नमुने काढावे लागतात. पण इनिशिएटर घालून मी सुई हातात घेईपर्यंत नितळ पाणी निळं होऊन बसलेलं असे. एकदा मी चष्मा पुसला आणि तेवढ्यात सगळं आटोपलं. प्रमाण बदललं, तापमान उतरवलं, तर काही वेळा मिश्रणच बिघडून दुधासारखं पांढरं व्हायचं. मधले नमुने नाहीत, तर प्रबंधात लिहायला काही नाही. नागपूरच्या एका संस्थेत कणांचा आकार मोजणारं यंत्र होतं. तिथं मॅडमनी ओळखीवर आमच्यासाठी एकच दिवस मिळवला होता. सिलेंडरमधला नायट्रोजनही आता एका प्रयोगापुरताच उरला होता. नापास झाले तर घरी आणखी एक वर्ष मागायची माझी हिंमत नव्हती. बाबा नाही म्हणाले नसते. म्हणूनच मागता आलं नसतं.

मॅडम धीर देण्याच्या बाबतीत अगदी कच्च्या होत्या. शेवटच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी फ्लास्क लावून ठेवत होते. माझे हात थरथरत होते. मॅडमनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "थरथरू नको, स्टँड हालते." आणि निघून गेल्या.

सकाळी मी पोचले तेव्हा त्या माझ्या आधी आलेल्या होत्या, हे नवल होतं. खिडकीपाशी उभ्या राहून पेपर तपासत होत्या. उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक लालसर दिसलं. मला वाटलं, लाल शाई लागली असेल. फ्लास्कमध्ये साबणाचं पाणी, स्टायरीन, पेंटॅनॉल सगळं नितळ होतं. नायट्रोजन सोडला, बाथ तापला. मी फ्लास्कच्या बाजूच्या मानेवरचं काचेचं बूच उचललं, इनिशिएटरचं द्रावण आत घातलं आणि बूच लावलं.

पाणी पिवळं झालं.

एकदम नाही. मानेखालून एक पिवळी वळणदार रेघ उतरली, पसरली आणि सगळा फ्लास्क लिंबाच्या सरबतासारखा दिसायला लागला. मी मॅडमना हाक मारली की नुसतीच उभी राहिले, ते आठवत नाही. मॅडम आल्या. त्यांनी फ्लास्ककडे पाहिलं. त्यांना गप्प राहिलेलं मी फुटलेल्या बीकरसमोर सोडून कधी पाहिलं नव्हतं. मग त्या ओरडल्या, "भाऊ!"

भाऊ धावत आले. मी तोवर फ्लास्कच्या मागे वाकून पाहिलं होतं. भिंतीकडच्या बाजूला, बुचाला लागून, मानेच्या काठावर पिवळ्या भुकटीचा एक ठिपका होता, अर्धा पुसलेला. बूच उचलताना त्यातली भुकटी आत गेली होती.

"भाऊ, हा टिका कायचा आहे?"

"मॅडम, पोराची शपथ घेऊन सांगतो, मी नाही लावला. आज दसरा आहे का?"

"मंग कोणं लावला?"

"मले का मालूम? पण लावला तो सरळ लावला आहे," भाऊ वाकून पाहत म्हणाले. त्यांना राग आला होता, पण कारागिरीचं कौतुक लपवता येत नव्हतं.

मी रडकुंडीला आले होते. फ्लास्क ओतून द्यायला हात पुढे केला, तर मॅडमनी माझं मनगट धरलं. "ओतायचं नाही. जे झालं ते झालं. सुई घे, नमुने काढ."

"पण मॅडम, काहीच होत नाहीये."

"होत नाही हेही काढ."

खरंच काही होत नव्हतं. निळी झाक येईना. नेहमी डोळ्याचं पातं लवेपर्यंत धावून जाणारी प्रक्रिया त्या दिवशी बसूनच राहिली. नंतर ती उठली, पण आमच्या गावच्या बैलगाडीच्या चालीनं. पिवळ्या पाण्यात अगदी हळू एक धुरकट झाक चढू लागली. मी नमुना काढला. पुन्हा काढला. सुई धुवायला वेळ मिळाला, बाटलीवर नाव घालायला वेळ मिळाला. वर्षभर जे मधलं मला सापडत नव्हतं, ते आता समोर बसून माझी वाट पाहत होतं.

संध्याकाळी मी मानेवरची उरलेली भुकटी पाण्यात घेऊन खारानं तपासली. ती लालभडक झाली. हळद. त्यातून सगळं उलगडलं. स्टायरीन बाटलीतच जमून जाऊ नये म्हणून कंपनी त्यात एक आवरणारं रसायन घालून पाठवते. ते आम्ही दर वेळी धुऊन काढत असू. हळदीतल्या पिवळ्या रंगानंही तसंच काहीसं केलं होतं. तेलकट असल्यामुळे तो थेट थेंबांमध्ये जाऊन बसला होता आणि आतल्या धावपळीला लगाम घातला होता. मी मॅडमना सांगितलं की अशुद्धीला नाव मिळालं, हळद आहे.

"हं," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंच हं, याचं मला जरा वाईट वाटलं.

नागपूरच्या यंत्रावर नमुने मोजून झाले. पण हळद कोणी लावली, हे काही कळलं नाही. मॅडम भाऊंकडे संशयानं पाहत, भाऊ मॅडमकडे दुखावल्या नजरेनं. त्यातच तराजूच्या पेटीत रोज पिवळी धूळ सापडू लागली. मॅडम त्यावरून भाऊंना बोलल्या आणि भाऊंनी जाहीर केलं की लॅबमध्ये काहीतरी शिरलं आहे, ते दिसत नाही, पण हळद खेळते.

तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांचा सभ्यपणाच मला घाबरवत होता. त्यांच्या शेजारी प्राचार्य बसले, मॅडम मागच्या खुर्चीवर बसल्या. भाऊ चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे राहिले. खरं तर चहा देऊन जायचं असतं, पण ते गेले नाहीत.

परीक्षकांनी पानं उलटली. "ही हळद तुम्ही मुद्दाम घातली?"

"नाही सर. पडली."

"किती?"

"माहीत नाही सर."

"कोणाच्या हातून?"

मी भाऊंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनाच धरलं असतं. "माहीत नाही सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती ते माहीत नाही, कोणी ते माहीत नाही. मग तुम्हाला माहीत काय आहे?"

ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. आणि का कोण जाणे, मला ओसरीवरचे बाबा आठवले. तोच प्रश्न होता. मी उठून ट्रेमधला पाण्याचा पेला घेतला आणि पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या नमुन्यापर्यंत सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या. मागे हात केला. मॅडमनी लेझर दिला. पाण्यात रेघ दिसली नाही. पहिल्या बाटलीत जेमतेम, पुढच्या बाटलीत जरा स्पष्ट, शेवटच्या बाटलीत लख्ख.

"म्हणजे कण मोठे होत गेले," परीक्षक म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं सर. पण यंत्रानं आकार जवळजवळ सारखाच दाखवला. माल वाढत गेला, आकार वाढला नाही. म्हणजे कणांची संख्या वाढली. ते शेवटपर्यंत नवे नवे होत राहिले." त्यांना पटलंय की नाही कळेना, म्हणून मी घाईनं जे सुचलं ते बोलले. "सर, माझ्या मामांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनाची वस्ती झाली तेव्हा आम्ही पाहायला जायचो. घरं सगळी एकाच मापाची. दर वेळी गेलं की वस्ती मोठी झालेली, पण घर तेवढंच. तसं आहे हे. आधी हे दिसत नव्हतं, कारण वस्ती एका झटक्यात उठायची. हळदीनं गवंड्यांना जरा थांबवलं."

परीक्षक बाटल्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः लेझर घेऊन पुन्हा एकदा सगळ्या बाटल्यांतून मारला. "समजलं आहे तुम्हाला," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. पण ते पुढे बोलले, "तरी मी हा प्रयोग म्हणून कसा स्वीकारू? अज्ञात माणसानं अज्ञात प्रमाणात टाकलेली वस्तू. हा योगायोग झाला."

 भाऊंच्या ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. मला वाटलं, आता भाऊ पुढे येऊन खोटंच कबूल करतील. मागची खुर्ची सरकली.

"मी लावली," मॅडम म्हणाल्या.

परीक्षकांनी मान वळवली. मीही वळवली. मॅडम अशा चिडलेल्या दिसत होत्या, जणू दुसऱ्या कोणाची चूक सांगत होत्या.

"मीच लावली ती हळद. घरून डबीत आणली होती. उजव्या हाताच्या अनामिकेनं लावली. प्रमाण पाहिजे ना? त्याच बोटानं, त्याच डबीतली हळद कागदावर लावून पुष्कळ डाव वजन केलं आहे मी." त्यांनी सरासरी सांगितली, कमीजास्त किती होतं तेही सांगितलं. "त्यातली अर्धी मानेवरच राहिली, तेही खरवडून मोजलं आहे. लिहून घ्या. आता अज्ञात काही नाही."

तराजूतली पिवळी धूळ माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या सकाळचं लालसर बोटही आठवलं. ती शाई नव्हती. टिका लावून झाल्यावर त्यांनी साबणानं हात धुतले असणार, आणि हळदीच्या हाताला साबण लागला की काय होतं, हे आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत असतं. मी ते फ्लास्कसाठी तपासून पाहिलं होतं. मॅडमच्या बोटाकडे पाहून मला सुचलं नाही.

परीक्षक म्हणाले, "मॅडम, तुम्ही? तुम्ही तर पूजा करू देत नाही म्हणतात."

"नाही देत."

"मग?"

मॅडमनी पर्सचा बंद उगाच नीट केला. "पोट्टी भेली होती असं वाटलं असंल तुम्हाले. पोट्टी नव्हती भेली. मी भेली होती."

परीक्षकांनी चष्मा लावला आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते निकालाच्या दिवशी कळलं, मी पास झाले. पण त्या वेळी मी त्यांच्याकडे पाहतही नव्हते. भाऊंनी ट्रे टेबलावर ठेवला होता. सगळ्यांत आधी त्यांनी मॅडमना चहा दिला. परीक्षक राहिले, प्राचार्य राहिले, आधी मॅडमना. कप ठेवताना ते अगदी हळू म्हणाले, "टिका मात्र सरळ लावला होता तुम्ही."

"गप राहा," मॅडम म्हणाल्या. चहात लेझर मारायलाही विसरल्या.

निकालाच्या दिवशी मी शेवटचा नमुना छोट्या बाटलीत घेऊन घरी गेले. बाबांना ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि मोबाइलच्या टॉर्चला काळ्या कागदाची बारीक नळी लावून बाटलीतून उजेड सोडला. बाबांनी रेघ पाहिली. मग बाटली हातात घेऊन स्वतः पाहिली. "आहेत," ते म्हणाले. मॅडम म्हणतात तसंच.

दसऱ्याला मी लॅबमध्ये गेले. आता मी शिकत नव्हते, पाहुणी म्हणून गेले होते. बाथला माळ नव्हती, सिलेंडर कोरा होता. कुंकवाला बंदी कायम होती. भाऊ तराजूसमोर उभे होते. त्यांनी पेटीत कागद ठेवला, आकडा शून्यावर आणला, पुडीतली चिमूटभर हळद त्यावर टाकली आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून पाहत राहिले. मॅडम शेजारी हाताची घडी घालून होत्या.

"किती?"

भाऊंनी आकडा वाचून दाखवला. मग कागद बाहेर काढला, अनामिका हळदीत बुडवली आणि तराजूच्या काचेवर, बरोबर मधोमध, एक ठिपका लावला.

मॅडमनी वाकून तो जवळून पाहिला, अगदी नाक लागेपर्यंत. मग ॲप्रनच्या खिशातून पेन काढून भाऊंच्या हातात दिलं.

"खाली नाव टाका," त्या म्हणाल्या.